वेग दोघांचा, वाट एक

इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री शहरात १८७०च्या दशकात दोघांनी शेजारी-शेजारी बसून चालवायची सायकल तयार झाली. तिला तीन किंवा चार चाके असत आणि तिचे नाव होते ‘सोशेबल’. त्या काळच्या उंच चाकाच्या सायकलवर घोळदार झगा घातलेल्या बाईला चढता येत नसे आणि पोक्त वयाचा पुरुष सहसा चढायला धजत नसे. पडलाच तर माणूस तोंडावर आपटे. सोशेबलवर खुर्चीत बसल्यासारखे बसता येई. तिच्यात एकच खोट होती. प्रत्येकाची पायडले आपापल्या बाजूचे चाक फिरवीत. दोघांचा जोर सारखा असेल तोवर गाडी सरळ जाई. एकाने जास्त रेटा दिला की त्याच्या बाजूचे चाक पुढे पळे आणि गाडी दुसऱ्याच्या बाजूला वळे.

जेम्स स्टार्ली हा कॉव्हेन्ट्रीतला शिलाई मशिनींचा आणि पुढे सायकलींचा नावाजलेला कारागीर. तरुण मुलाला शेजारी बसवून तो अशाच एका गाडीवरून निघाला असताना मुलाच्या जोरामुळे गाडी वळली आणि बाप रस्त्याकडेच्या खाजऱ्या झुडपांत जाऊन पडला, अशी आख्यायिका आहे. झुडपांची गोष्ट खरी असो वा नसो, १८७७ साली स्टार्लीने डिफरन्शिअल गिअर सायकलीला बसवला हे पक्के. फ्रान्समध्ये वाफेच्या गाडीसाठी हे तत्त्व आधीच वापरले गेले होते. सायकलीला ते लागू करण्याचे श्रेय मात्र त्याचे. या रचनेत दोघांच्या पायांचा जोर एका आसावर एकत्र येतो, तिथून दातेरी चाकांची छोटी जुळणी तो दोन्ही चाकांना सारखा वाटून देते, आणि वळणावर एका चाकाला दुसऱ्यापेक्षा जास्त फिरण्याची मोकळीक राहते. बहुतेक मोटारींत आजही हीच जुळणी असते, पण तिची सायकलीतली गरज निघाली ती दोन माणसांचा जोर सारखा नसल्यामुळे. जोरकसाला अडवायचे नाही, कमी जोराच्याला दामटायचे नाही, फरक मधल्या जुळणीने पचवायचा: जोडप्यांच्या सायकल सहलींची आखणी पुढे ज्यांना नीट जमली, त्यांनी कधी यंत्रात, कधी रस्त्यात, तर कधी वेळापत्रकात हेच केले.

व्हिक्टोरिया राणीने १८८१ साली स्टार्लीच्या तीनचाकी सायकली मागवल्या आणि घरंदाज लोकांत त्या चालवण्याला प्रतिष्ठा आली. सोशेबल मात्र फार टिकली नाही. ती इतकी रुंद असे की घराच्या फाटकातून आत घेणे हेच दिव्य होई, आणि समोरून वारा आला की दोघांच्या छाताडांची मिळून भिंत उभी राही. मग दोघांना एकामागे एक बसवणारी तीनचाकी टँडेम आली. गप्पांची सोय गेली, वाऱ्याची अडचण निम्मी झाली.

या टँडेमने जोडप्यांच्या परदेशप्रवासाचे पहिले गाजलेले लेखन दिले. फिलाडेल्फियाचे जोसेफ आणि एलिझाबेथ पेनेल यांचे लग्न १८८४ साली झाले. तो चित्रकार, ती लेखिका. त्याच वर्षी ते लंडनहून कँटरबरीला तीनचाकीवरून गेले आणि नंतर इटलीत फ्लॉरेन्सहून रोमपर्यंत. पुढे लॉरेन्स स्टर्न या अठराव्या शतकातल्या कादंबरीकाराच्या वाटेने फ्रान्समध्ये एक फेरी झाली. पुस्तके एलिझाबेथने लिहिली, चित्रे जोसेफने काढली. पुस्तकात नवऱ्याचा उल्लेख ती नुसत्या ‘जे’ या अक्षराने करते. टँडेमवर एकाचा जोर कमी पडला तरी गाडी दोघांना घेऊनच पुढे जाते, मागे राहण्याचा प्रश्नच नाही. त्याची दुसरी बाजू अशी की चढावर कोण किती राबते आहे हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, आणि एका आसावर बांधलेल्या नवराबायकोत या विषयावर बोलणे झाल्याशिवाय राहत नाही.

यंत्रापलीकडची व्यवस्था क्लबांनी उभारली. इंग्लंडमध्ये हॅरोगेट इथे १८७८ साली बायसिकल टूरिंग क्लब स्थापन झाला. तीनचाकीवाल्यांनाही सामावून घेता यावे म्हणून १८८३ साली त्याचे नाव सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब झाले. म्हणजे उंच चाकावरच्या धाडसी तरुणांबरोबर बायका आणि वयस्क मंडळीही आता प्रवासी म्हणून मोजली जाऊ लागली. क्लब खानावळींशी दर ठरवून घेई आणि दारावर पंख असलेल्या चाकाची पाटी लावी. धोक्याच्या उतारांवर फलक उभारी. गावोगावी त्याचे प्रतिनिधी असत. रस्ता, मुक्काम, लोहार यांची माहिती त्यांच्याकडे मिळे. नेदरलँड्समध्ये १८८३ साली, फ्रान्समध्ये १८९० साली, इटलीत १८९४ साली असेच क्लब निघाले. सीमा ओलांडताना सायकलीवर जकातीची अनामत भरावी लागे. अशा ठिकाणी क्लबाचे ओळखपत्र कामी येई. १८९०च्याच दशकात एडिंबरोहून हॅरी इंग्लिस याची रस्त्यांची पुस्तके निघाली. त्यांत नकाशाऐवजी प्रत्येक रस्त्याचा चढउतार बाजूने कापून दाखवल्यासारखा काढलेला असे. मिशेलिनच्या नकाशांवर चढाची तीव्रता दाखवणारे छोटे बाण आले ते पुढच्या शतकात. दोघांपैकी कमी ताकदीच्याला किलोमीटरपेक्षा चढ महाग पडतो, हे कागदावर उतरायला इथून सुरुवात झाली.

१८८५ साली जॉन केम्प स्टार्ली या जेम्सच्या पुतण्याने दोन जवळजवळ सारख्या चाकांची ‘रोव्हर’ बाजारात आणली आणि १८८८ साली डनलॉपचा हवेचा टायर आला. आता बाईही स्वतःच्या सायकलवर निघू शकत होती. जोडपे एका गाडीवरून दोन गाड्यांवर आले आणि जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला: एक पुढे, एक मागे. एलिझाबेथ पेनेलने १८९८ साली स्वतंत्र सायकलवरून आल्प्समधले घाट ओलांडल्याचे पुस्तक लिहिले. त्या सायकलींना गिअर नव्हते. चढावर दोघेही उतरून सायकल ढकलत, तेवढ्यापुरता दोघांचा वेग सारखा होई. खरा फरक उतारावर पडे. पायडले चाकाबरोबर फिरतच राहत, म्हणून पाय वर उचलून धरावे लागत, आणि ब्रेकवर भरवसा नसल्यामुळे काही प्रवासी झाडाची मोठी फांदी दोरीने मागे बांधून घाट उतरत.

भारतापुरते पाहायचे तर या काळातले सर्वांत उल्लेखनीय जोडपे विल्यम हंटर वर्कमन आणि फॅनी बुलक वर्कमन हे अमेरिकन. तो डॉक्टर, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा, प्रकृतीच्या कारणाने व्यवसाय सोडलेला. ती धडधाकट आणि जिद्दी. म्हणजे जास्त जोर इथे बायकोच्या बाजूला होता. अल्जिरिया आणि स्पेन सायकलवरून पालथे घालून झाल्यावर १८९७ साली ते हिंदुस्थानकडे निघाले आणि देशाच्या दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत फिरले. या प्रवासावरचे त्यांचे पुस्तक १९०४ साली निघाले. त्याच्या शीर्षकातच चौदा हजार मैलांचा, म्हणजे सुमारे २२,५०० किलोमीटरांचा, आकडा आहे. सामान ते कमीत कमी ठेवत आणि शक्यतो रेल्वेच्या जवळचा रस्ता धरत, म्हणजे जिन्नस मिळत राहत. कधी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये झोपावे लागे. बाभळीच्या काट्यांचा मुलूख लागला की एका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर काढल्याची नोंद आहे. पुढे ही दोघे काराकोरमच्या हिमनद्यांवर मोहिमा काढू लागली तेव्हा त्यांनी कामाची वाटणी पक्की केली: एका वर्षी व्यवस्था तिच्याकडे आणि शास्त्रीय नोंदी त्याच्याकडे, पुढच्या वर्षी उलट. जोडप्यातली भांडणे मिटवण्याचे याहून साधे सूत्र त्या काळच्या प्रवासवर्णनांत सापडणे कठीण.

सायकलीतच जुळणी घालण्याचे काम फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही याने चालवले. सेंट एतियेन गावातला हा रेशमाचा व्यापारी धंदा सोडून सायकलींकडे वळला, १८८७ साली त्याने सायकलचे मासिक काढले आणि ‘व्हेलोसिओ’ या नावाने लिहू लागला. त्याचे म्हणणे साधे होते: एकच गिअर असलेली सायकल फक्त धट्ट्याकट्ट्यांची; गिअर बदलता आले तर साधा माणूसही घाट चढेल. शर्यतवाल्यांना हे पटत नव्हते. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबाने पिरेनीज पर्वतात तूर्मालेच्या घाटावर गिअरच्या सायकलींची चाचणी घेतली. तीन गिअरच्या सायकलवर बसलेल्या मार्थ हेस नावाच्या स्त्रीने एका गिअरवरच्या नामांकित शर्यतपटूला मागे टाकल्याची हकीकत तेव्हापासून सांगितली जाते. तूर द फ्रान्स शर्यतीचा जनक आंरी देग्रांज याने मात्र बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांचे लाड ठरवले, आणि त्या शर्यतीत डेरेलर गिअरला, म्हणजे साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला, परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले. सहलीला जाणाऱ्यांनी इतकी वाट पाहिली नाही. नॉटिंगहॅमचा स्टर्मी-आर्चर हा चाकाच्या मध्यात बसणारा तीन गिअरचा हब १९०२-०३च्या सुमारास बाजारात आला आणि लवकरच इंग्लंडभर साध्या सायकलींना लागला.

व्हेलोसिओने लांब प्रवासासाठी घालून दिलेले नियम आजही उपयोगाचे आहेत: थांबे थोडे आणि छोटे, भूक लागण्याआधी खाणे, तहान लागण्याआधी पिणे, जेवण किंवा झोप नकोशी होईल इतके दमायचे नाही, पहिल्या काही तासांत जोर लावायचा नाही, आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी पायडल मारायचे नाही. शेवटचा नियम जोडीतल्या तगड्यासाठी, बाकीचे बहुतेक दुसऱ्यासाठी.

दोनचाकी टँडेम १८९०च्या दशकात फॅशनमध्ये आली. काही टँडेमवर शिष्टाचार म्हणून बाईला पुढे बसवत आणि मागचा पुरुष जोडदांड्याने हॅन्डल फिरवी. पुढे रीत उलटी झाली: पुढचा तो ‘कॅप्टन’, मागचा तो ‘स्टोकर’, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा. दोघांची पायडले एका साखळीने बांधलेली, त्यामुळे पाय एकाच लयीत फिरवावे लागतात. मागच्याला रस्ता दिसत नाही, ब्रेक आणि गिअर सहसा त्याच्या हातात नसतात. खड्डा आला की पुढच्याने ओरडून सांगायचे, नाहीतर दणका बसतो तो बेसावध मागच्याला. सपाटीवर मात्र टँडेम वेगाने जाते, कारण वारा कापणारे अंग एकाचे आणि जोर दोघांचा. दृष्टिहीन सायकलपटू पॅरालिम्पिक शर्यतींत याच मागच्या जागेवर बसतात.

टँडेमचे सर्वांत मोठे वर्ष १९३६. फ्रान्समध्ये त्या जूनमध्ये पॉप्युलर फ्रंट या डाव्या पक्षांच्या आघाडीच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. उपमंत्री लेओ लाग्रांज यांनी सुट्टीसाठी रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सवलत मिळवून दिली. मोटार परवडत नव्हती. मग तरुण जोडपी टँडेमवर तंबू आणि भांडी लादून समुद्राकडे निघाली, आणि त्या उन्हाळ्याच्या छायाचित्रांत टँडेम कायमची जाऊन बसली.

महाराष्ट्रात टँडेम अशी रुजली नाही. इथे दोघांच्या सायकलीला शब्दच वेगळा होता, ‘डबलसीट’: एकाने चालवायचे, दुसऱ्याने कॅरिअरवर किंवा पुढच्या दांडीवर बसायचे. ताकदीचा फरक डबलसीटने मिटवला खरा, पण सारा भार एकाच्या पायांवर टाकून. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यातही सायकल मुख्यतः कामावर जाण्याचे साधन राहिली. परदेशप्रवासाचा हौशी वारसा मुंबईच्या पारशी तरुणांकडून आला. १९२३ साली मुंबईहून निघालेल्या सहाजणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे जगाची फेरी पुरी करून १९२८ साली परतले. ती तोडीस तोड गड्यांची मोहीम होती; जोडप्याच्या सुट्टीशी तिचे नाते लांबचेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातही मोटारीने सायकलप्रवास मागे रेटला. तो परत आला तो रस्त्यामुळे, आणि त्यातले ठळक उदाहरण डॅन्यूब नदीचे. आगबोटी येण्यापूर्वी मालाच्या होड्या घोडे लावून प्रवाहाविरुद्ध ओढत आणि त्यासाठी काठाने पायवाट असे. ऑस्ट्रियात तिला ‘ट्रेपेलवेग’ म्हणतात. १८२९ साली डॅन्यूबवर आगबोटींची कंपनी स्थापन झाली आणि घोडे हळूहळू गेले, वाट राहिली. १९८०च्या दशकात ऑस्ट्रियाने या वाटांना जोडून सायकलमार्ग आखला. जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतचा सुमारे ३२० किलोमीटरांचा टप्पा युरोपातल्या सर्वांत लोकप्रिय सायकल सहलींपैकी एक झाला.

याचे कारण निसर्गाइतकेच पदार्थविज्ञानात आहे. चढावर वेग जवळपास पायांच्या जोराच्या प्रमाणात असतो. एकाचा जोर दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर तो जवळपास दुप्पट वेगाने वर पोचतो आणि माथ्यावर ताटकळतो. सपाटीवर बहुतेक जोर वारा कापण्यात जातो आणि वेग वाढवावा तशी ही किंमत भराभर चढते. तिथे दुप्पट जोराचा गडीसुद्धा दीडपट वेग गाठू शकत नाही. शिवाय दुसऱ्याला त्याच्या आडोशाने मागे राहता येते आणि सामानाच्या पिशव्या जोरकसाच्या सायकलवर टाकल्या की उरलेला फरकही बराचसा निघून जातो. पासाऊ ते व्हिएन्ना नदी सव्वाशे-दीडशे मीटरच खाली उतरते आणि वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीमागून येतो. म्हणून जवळपास सगळे एकाच दिशेने जातात.

वाटेवर सुटकेच्या जागाही भरपूर. श्लोगेनजवळ नदी डोंगरातून जवळजवळ उलटी वळते. तिथे सायकलवाल्यांसाठी छोट्या होड्या आहेत. मेल्कचा मठ कड्यावर आहे; एकाने चढून जायचे, दुसऱ्याने खाली कॉफी घ्यायची, असे करता येते. मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्याचा भाग द्राक्षांचा आणि जर्दाळूंचा. इथे प्रवासी बोटी सायकल घेतात, त्यामुळे दमलेल्याने बोटीने जावे आणि दुसऱ्याने काठाने. लिंझ, क्रेम्स, टुल्न या गावांना रेल्वे आहे. वर्कमन दांपत्याने रेल्वेजवळचा रस्ता धरला होता, त्याचीच ही सुखवस्तू आवृत्ती. एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर बॅगा पोचवणाऱ्या कंपन्यांमुळे सायकलवर पाण्याची बाटली आणि पावसाळी जाकीट एवढेच उरले.

बेल्जियममध्ये ह्युगो बोलेन या खाण अभियंत्याने निराळी तोड काढली. खाणीतल्या बोगद्यांच्या फाट्यांना क्रमांक असत. त्याच धर्तीवर त्याने सायकलरस्त्यांच्या प्रत्येक फाट्याला क्रमांक दिला आणि १९९५ साली लिंबुर्ग प्रांतात असे जाळे सुरू झाले. नेदरलँड्सने ते उचलले. तिथे दिवसाचा मार्ग म्हणजे कागदावर लिहिलेले आठ-दहा आकडे. दोघांना एका आकड्यापाशी फुटता येते, एकाने लांबचा वळसा घ्यायचा, दुसऱ्याने जवळचा, आणि ठरलेल्या आकड्यावर भेटायचे.

स्टार्लीची जुळणी पुन्हा यंत्रात आली ती १९९३ साली, जपानमध्ये. यामाहाच्या ‘पास’ या सायकलीत पायडलावरचा जोर मोजून त्या प्रमाणात मोटर मदत करी. पाय थांबले की मोटरही थांबे. युरोपीय नियमांनी ही मदत ताशी २५ किलोमीटर वेगापर्यंत आणि मोटरची सतत शक्ती २५० वॉटपर्यंत मर्यादित ठेवली, म्हणून अशी गाडी कायद्याने सायकलच राहिली. डोंगराळ प्रदेशही आता असमान जोडीला खुला झाला. मात्र दोघांनी ई-सायकल घेऊन मदत सारखीच ठेवली तर फरक बराचसा जिथल्या तिथे राहतो. कमी जोराच्या एकट्यानेच घेतली की तो मिटतो. मोटरची मदत सर्वांत जास्त ठेवून चालवणारा चढावर तगड्या जोडीदारालाही मागे टाकतो, आणि ताटकळण्याची पाळी बदलते.

भारतातून जाणाऱ्यांच्या आखणीत आणखी दोन गोष्टी येतात. १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही आणि ई-सायकलची बॅटरी सहसा त्याहून कितीतरी मोठी असते. म्हणून ती सायकल तिथेच भाड्याने घ्यावी लागते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि मुक्कामांचा तपशील दाखवावा लागतो, त्यामुळे रोजचे अंतर निघण्याच्या बरेच आधी ठरते. ते कमी ताकदीच्याच्या सोयीने चाळीस-पन्नास किलोमीटर धरतात आणि मध्ये एक मोकळा दिवस ठेवतात. ज्याला जास्त चालवायचे त्याच्यासाठी मुक्कामापासूनचे वळसे असतातच. भाड्याच्या सायकलीचा अर्ज भरताना दोघांची उंची वेगवेगळी विचारतात, कारण त्यावरून चौकटीचा आकार ठरतो, आणि सायकल साधी हवी की मोटरची, हा रकानाही प्रत्येकाच्या नावापुढे स्वतंत्र असतो.